लग्नाच्या आणि नाटकाच्या जुन्या डीव्हीडी हार्डडिस्कवर घेताना हँडब्रेकमध्ये कोणती सेटिंग ठेवू?

तुमच्याकडे घरच्या लग्नांच्या आणि गावात मंडईच्या जत्रेला झालेल्या झाडीपट्टी (पूर्व विदर्भातल्या) नाटकांच्या चाळीसेक डीव्हीडी आहेत, आणि हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्राममधून फाइल लहान होऊन चित्रही चांगलं राहावं असं तुम्हाला हवंय. मी वडसा भागात लग्नांची आणि नाटकांची शूटिंग करतो, जुन्या डिस्क उतरवून देण्याचं कामही करतो. त्यावरून सांगतो.

आधी लहान फाइलचा विचार बाजूला ठेवा. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची असते, म्हणजे चाळीस डिस्क २०० जीबीच्या आत बसतात. मेकएमकेव्ही या प्रोग्रामने प्रत्येक डिस्क आहे तशी, पुन्हा एन्कोड न करता (म्हणजे व्हिडिओ नव्याने न दाबता), एमकेव्ही फाइलमध्ये उतरवून घ्या. घरी राइट केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाखालच्या कपाटात काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून हे काम आधी उरका, सेटिंगचे प्रयोग नंतर निवांत करा. लग्नाच्या डिस्कवर हळद, लग्न, स्वागत समारंभ असे वेगवेगळे टायटल, म्हणजे स्वतंत्र व्हिडिओ, असतात. सगळ्यात मोठं तेवढं घेतलं तर बाकीचं सुटतं, तेव्हा सगळ्यांवर टिक करा.

आता हँडब्रेक. यात सगळ्यात जास्त नुकसान इंटरलेसिंगकडे दुर्लक्ष केल्याने होतं. आपल्याकडच्या कॅमेऱ्यांचं पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) रेकॉर्डिंग ७२० बाय ५७६ चं, सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या ओळी. संगणकावर नाचणाऱ्याच्या हाताभोवती कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात त्या यामुळेच. फिल्टरमध्ये डिइंटरलेस (या अर्ध्या ओळींपासून पूर्ण फ्रेम बनवणारं) चालू करून बॉब (प्रत्येक अर्ध्याची वेगळी फ्रेम करणारा पर्याय) निवडा आणि फ्रेमरेट ५० कॉन्स्टंट ठेवा. नुसतं डिइंटरलेस केलं तर २५ फ्रेमच उरतात आणि लावणीची, वरातीची लय तुटक दिसते. फाइल थोडी वाढली तरी मी इथे तडजोड करत नाही.

कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबण्याची पद्धत, एच.२६४ घ्या. एच.२६५ ने फाइल लहान होते, पण गावातल्या कितीतरी जुन्या टीव्हींना पेनड्राइव्हवरून ती चालत नाही. बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ठरवून देऊ नका, आरएफ (चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा) वापरा. आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं. लग्नाला १८, नाटकाला १९ किंवा २०, एन्कोडिंगच्या वेगाचा प्रीसेट स्लो. बिटरेट ठरवला की दिवसाच्या मांडवाला आणि रात्रीच्या रंगमंचाला सारखाच वाटा मिळतो, पण दोघांची गरज सारखी नसते. रात्री कमी उजेडात चित्रात दाणे येतात आणि एन्कोडर त्यांनाही तपशील समजून जपत बसतो. म्हणून नाटकाची फाइल लग्नापेक्षा मोठी झाली तर घाबरू नका. दाणे काढायला डीनॉइज लावायचंच तर सगळ्यात हलकं. जोरात लावलं की नटाच्या चेहऱ्यावरचे भाव मेणासारखे गुळगुळीत होतात, आणि ते परत येत नाहीत.

आकार वाढवून १०८० करू नका, नसलेला तपशील त्यातून येत नाही. ऑटो क्रॉपही बंद ठेवा, काळोख्या प्रवेशात ते चुकीची कड कापू शकतं. आवाज एसी-३ (डीव्हीडीवरचा एक ध्वनी प्रकार) असेल तर पासथ्रू करा, म्हणजे आहे तसाच ठेवा, तो दाबून फारशी जागा वाचत नाही.

ओरखडे पडलेली डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. तरीही वाचली जात नसेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम चालवा. ते आधी चांगला भाग काढून घेतं आणि मग खराब जागी पुन्हापुन्हा प्रयत्न करतं.

सगळ्या डिस्कला एकदम लावण्याआधी सगळ्यात जास्त हालचालीचा, कमी उजेडाचा दोन मिनिटांचा तुकडा एन्कोड करा आणि घरचे जिथे बघणार त्याच टीव्हीवर लावून बघा. तिथे हात फिरताना रेषा दिसल्या नाहीत आणि चेहरे ओळखू आले, तर तीच सेटिंग बाकीच्यांना लावा. मूळ एमकेव्ही मात्र पुसू नका. जमल्यास त्यांची एक प्रत दुसऱ्या हार्डडिस्कवर करून नातेवाइकांच्या घरी ठेवा.