ट्रामाडॉल सुटत नाही आणि कंबर सोसवत नाही, काय करू?

तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग आधी घेतो, तो तातडीचा आहे. कराडच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं काम, पाच वर्षांची कंबरदुखी, ट्रामाडॉल ५० (अफूच्या गटातली वेदनाशामक गोळी, ५० मिलिग्रॅमची) दिवसाला दोनवरून सहावर गेली, घरात वहिनी म्हणतात व्यसन लागलं, आणि तुम्ही विचारताय की उद्यापासून सगळं बंद करून टाकू का. नको. उद्या नको, परवाही नको. मी हे एकदा नाइलाजाने केलंय, म्हणून सांगतो.

मी डॉक्टर नाही. तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. २०१४ ला कंबरेतली गादी सरकली, एल-फोर एल-फाइव्ह, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली. बागेत कंबरेला सुट्टी नसते. पावसाळी हवा झाली की डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने ट्रॅक्टरवर बसून फवारणीचा ब्लोअर फिरवायचा, सरीतला प्रत्येक हिसका थेट मणक्यात. घडांच्या विरळणीला मांडवाखाली हात वर, मान मागे. पहिली तीन वर्षं डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर काढली, दवाखान्यात सुई आणि घरी गोळी. (याच औषधाने गिधाडं मरतात म्हणून जनावरांना ते द्यायला २००६ लाच बंदी आली. माझ्या किडन्यांची चौकशी त्या मानाने उशिराच झाली.) रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडन्यांवर ताण आलेला निघाला तेव्हा ते थांबवून डॉक्टरांनी ट्रामाडॉल ५० लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. त्या दहा दिवसांची अडीच वर्षं झाली.

यात कुणी मला फसवलं नाही. गोळीने गुण आला, मी कामाला लागलो, गुण कमी पडला तशी एक वाढवली. औषध शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या यादीतलं, मेडिकलवाल्याने नाव रजिस्टरला लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं असा नियम. एप्रिल २०१८ मध्ये ते एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तेव्हा गावातल्या मेडिकलवाल्याने सरळ सांगितलं, "नवी चिठ्ठी आणल्याशिवाय देणार नाही." शहाणा माणूस तिथेच थांबला असता. मी सांगलीत असं दुकान शोधलं जिथे चिठ्ठी विचारत नव्हते. घरी सांगताना मात्र खतं आणायला चाललोय म्हणायचो. तुम्ही किती गोळ्या घेता यापेक्षा, त्या आणताना घरी काय सांगून बाहेर पडता हे एकदा आठवून बघा.

मग ऑगस्ट २०१९ चा पूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. ते मेडिकल पाण्यात आणि माझ्या डब्यात तीन गोळ्या. गावातून पूरग्रस्तांसाठी भाकरी जात होत्या, मी गाडीवर दोन फेऱ्या मारल्या. गोळ्या संपल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. नाकाला धार, अंगावर काटा, दरदरून घाम, पोट बिघडलेलं. रात्री पाय एका जागी ठेवता येईनात, पलंगाच्या कडेला घासत बसलो. आणि कंबर अशी पेटली की गादी सरकली तेव्हाही एवढी दुखली नव्हती. आईने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. गावातल्या डॉक्टरांना वाटलं पुराच्या पाण्यात फिरलाय, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) असेल. मी गप्प. मला मात्र कळून चुकलं होतं, कारण चौथ्या दिवशी एका पाव्हण्याच्या घरात तीच गोळी मिळाली, आणि ती गिळल्यावर तासाभरात जांभया, घाम, पाय सगळं शांत झालं. लेप्टो गोळीने तासात जात नाही.

पुढे मिरजेला गेलो. मिरजेला आमच्याकडे सगळेच जातात, पण मी मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात जायला तीन आठवडे लावले. तिथल्या डॉक्टरबाईंनी तुमच्या वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, हे औषध रोज काही आठवडे घेतलं तर कुणाच्याही शरीराला त्याची सवय लागते. डोस वाढवावा लागणं, थांबवल्यावर त्रास होणं, हे शरीराचं गणित आहे, त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. व्यसन त्याच्या पुढचं. मग त्यांनी विचारलं, "ज्या दिवशी कंबर दुखत नाही, त्या दिवशी गोळी घेता का?" मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात चुलतभावाच्या पोराचा साखरपुडा आठवला. कंबर झकास होती आणि मी निघताना दोन गोळ्या घेतल्या होत्या, चारचौघांत बोलायला हुशारी वाटते म्हणून. हाच प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. उत्तर इथे लिहू नका, डॉक्टरांना सांगा.

पुरातल्या त्या कंबरदुखीबद्दलही त्यांनी सांगितलं. गोळी तुटल्यावर जे दुखतं त्यातला मोठा भाग गोळी तुटल्याचाच असतो, मूळ दुखण्याचा नव्हे. शिवाय काही लोकांत ही औषधं बरीच वर्षं घेतली की मज्जासंस्थाच हळवी होते आणि कमी दुखायचं ते जास्त दुखतं. म्हणजे "गोळी सोडली की सहन होत नाही" हा आपला पुरावाच कच्चा.

गोळी कमी कशी केली ते सांगतो, पण माझं वेळापत्रक उचलू नका. मी दिवसाला सातवर होतो, ३५० मिलिग्रॅम. चांगल्या तब्येतीच्या माणसालाही दिवसाची कमाल मर्यादा ४०० सांगतात, त्याच्या पुढे फिट येण्याचा धोका वाढतो. उदासीवरच्या काही गोळ्या सोबत असतील तर तो धोका आधीच सुरू होतो, म्हणून तुम्ही आणखी काय घेता ते लपवू नका. दारू आणि झोपेची गोळी तर याच्याबरोबर नकोच, श्वास मंदावतो. माझी दर दोन-तीन आठवड्यांनी एक गोळी कमी केली. मध्ये छाटणी आली तेव्हा महिनाभर तिथेच थांबलो, बाई रागावल्या नाहीत. सातवरून दोनवर येणं सोपं गेलं, शेवटची एक जायला दोन महिने लागले. काहींना त्रास आवरायला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन ही गोळी देतात, मला लागली नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: डोस उतरला की शरीराची जुनी ताकदही उतरते. मध्येच कधी घसरलात आणि जुन्या हिशेबाने एकदम सहा घेतल्या तर ते जिवावर बेतू शकतं.

आता कंबर. ती गेली नाही, जाणारही नाही असं फिजिओथेरपीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मला त्यांचा फार राग आला होता. माझी खोड अशी की बरं वाटलं की आठवड्याचं काम एका दिवसात उरकायचं आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं. त्यांनी मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावायला लावला. गजर वाजला की काम अर्ध्यात सोडायचं, दुखत असो वा नसो. "दुखायच्या आधी थांबायचं, दुखल्यावर नाही." गडी हसायचे, मालकाची शाळा सुटली म्हणायचे. पण अर्ध्या घडाला कात्री लावून थांबणं हे मला गोळी सोडण्याइतकंच जड गेलं. तुमच्या दुकानात हे कसं बसेल माहीत नाही, पण गल्ल्यामागे उंच स्टूल आणि एक पाय टेकायला लाकडी फळी एवढं तरी मालकाला मागून बघा. बाकी रोजचं चालणं, पोटाचे व्यायाम, शेक, रात्री डॉक्टरांनी दिलेली एक छोटी गोळी. प्रीगाबालिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी डॉक्टरांनी सुचवली तर घ्या, पण तीही मनाने वाढवू नका, तिचीही सवय लागते. आणि कुणी गुण येणारी पुडी सांगेल, वाटेला जाऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

गोळ्यांची नोंद ठेवा असं बाईंनी सांगितलं तेव्हा वेगळी वही कुठे आणू म्हणून मी फवारणीच्या डायरीतच लिहायला लागलो. बुरशीनाशकाची तारीख, प्रमाण, त्याखाली माझं. आमच्या बागेत जीए हे वाढीचं संजीवक किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग) दिलं ते आठ वर्षांपूर्वीचंही सांगता येईल, स्वतःच्या पोटात काय गेलं त्याची मात्र एक ओळ नव्हती. निर्यातीचे कागद भरताना लेकीने डायरी घेतली आणि विचारलं, "पप्पा, हे टीआर ५० कुठलं औषध? याचा पीएचआय किती दिवस?" काढणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवायची, तो पीएचआय. तिला खरं सांगितलं. घरात ते पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं. तेव्हापासून पाकिटं तिच्या आईच्या कपाटात, रोजच्या रोज मोजून माझ्या हातात. आठवडाभर अपमान वाटला, मग बरं वाटलं, कारण रात्री दोन वाजता स्वतःशी भांडायचं काम संपलं.

तुम्ही आज एवढं करा. घरातली सगळी पाकिटं, रिकामीसुद्धा, एका पिशवीत घाला. आहे तो डोस तसाच चालू ठेवा, वाढवू नका. साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, मिरज तुम्हाला लांब नाही. सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसचा १४४१६, दोन्ही नंबर मोफत आहेत. वहिनींना सोबत न्या. खरा आकडा सांगताना मी डॉक्टरांसमोर सातच्या जागी चार म्हणालो होतो, आणि शेजारी बसलेली बायको पिशवी टेबलावर उलटी करून मोकळी झाली.