पेरूला जायच्या आधी, फॉर्ममधल्या दोन रकान्यांबद्दल

अरे,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला आणि ठरवलं की फोन करायचा नाही, लिहूनच काढायचं, कारण फोनवर तू हो मावशी हो मावशी करतोस आणि शेवटी करायचं तेच करतोस. तू विचारलंयस की अयाहुआस्का, म्हणजे तो भास दाखवणारा जंगली काढा, घ्यायला पेरूला जाऊ, की गोव्यात तुझ्या मित्राच्या ओळखीचा कोणीतरी वीकेंडला नशेच्या मशरूमची सेरेमनी ठेवतो तिकडे जाऊ, स्वस्तात होईल म्हणून. आणि सोबत त्या पेरूच्या रिट्रीटचा भरलेला फॉर्म पाठवलायस. तो फॉर्म बघून खरं सांगते, घामच फुटला मला. 'सध्या चालू असलेली औषधं' या रकान्यात तू लिहिलंयस, काही नाही. मग रोज रात्री जेवणानंतर घेतोस ती डिप्रेशनची गोळी, एस्सिटालोप्राम, ती काय शेंगदाण्याची चिक्की आहे का?

आता थोडं लेक्चर ऐकून घे, जन्मभर फार्माकॉलॉजी शिकवली त्याची खोड जात नाही. अयाहुआस्का एका झाडाची नसते, दोन वनस्पती लागतात. एक जाडजूड वेल असते, तिचे तुकडे करून लाकडी मोगरीने ठेचतात, आणि दुसरं एक झुडूप, चाक्रुना, त्याची पानं. मोठ्या पातेल्यात वेल आणि पानं घालून चुलीवर तासन्‌तास उकळून आटवतात, मग ते तपकिरी, दाट, महाकडू पाणी तयार होतं. पानांमध्ये डीएमटी असतं, भास दाखवणारं द्रव्य ते हेच, पण नुसती पानं उकळून प्यालास तर काही होणार नाही, कारण आपल्या आतड्यात आणि लिव्हरमध्ये मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एंझाइम असतं ते डीएमटीला तिथल्या तिथेच मोडून टाकतं. वेलीत हारमिन, हारमालिन असले पदार्थ असतात आणि ते या एंझाइमला काही तास बंद पाडतात, तेवढ्यात डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. अॅमेझॉनच्या जंगलात हजारो झाडं, त्यातून ही नेमकी जोडी लोकांनी कशी काढली असेल याचं मला अजून आश्चर्य वाटतं, वर्गात सांगताना दरवेळी वाटायचं.

पण तेच एंझाइम सेरोटोनिन, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं रसायन, तेसुद्धा मोडतं. तुझी गोळी सेरोटोनिन परत आत ओढलं जाऊ देत नाही, वेल त्याला मोडू देत नाही, मग ते साचत जातं. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात, अंग थरथरतं, स्नायू ताठ होतात, ताप चढतो, छाती धडधडते, माणूस बरळायला लागतो, आणि जास्त झालं तर जीव जातो. आणि तिथे रात्रीच्या सेरेमनीत, अंधारात सगळेच ओकतायत, थरथरतायत, रडतायत, तर तुझं वेगळं काहीतरी चाललंय हे ओळखणार कोण? तुझ्या गोळीचंच असं नाही, पाठदुखीची ट्रॅमाडॉल, आणि खोकल्याच्या ज्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं तेसुद्धा यात बसतं, आपल्याकडे मेडिकलवाला खोकला म्हटलं की लगेच बाटली काढून देतो आणि ती बॅगेतून प्रवासाला पण जाते.

हे वाचून तू उद्यापासून गोळी बंद करशील हे मला माहितीये म्हणून आत्ताच सांगते, तसं करायचं नाही. एकदम बंद केल्यावर डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, चक्कर येते, झोप उडते, आणि मुख्य म्हणजे जे दुखणं गोळीने दाबलेलं असतं ते वर येतं, आणि अशा अवस्थेत तू परक्या देशात जंगलात जाऊन बसणार. कमी कशी करायची, करायची की नाही, किती दिवस थांबायचं हे तुझे सायकिअॅट्रिस्ट ठरवतील. प्रत्येक गोळीचं गणित वेगळं असतं, फ्लुऑक्सेटिन, तुझ्या गोळीच्याच जातीतली, ती तर बंद केल्यावर पाच आठवडे धरून चालावं लागतं. त्यांना स्पष्ट सांग की मला हे घ्यायचंय. ओरडतील कदाचित, ओरडू दे.

दुसरा रकाना. 'कुटुंबात कोणाला मानसिक आजार', त्यावर पण तू नाही अशी टिक केलीयेस. तुझे थोरले काका आठवतात का तुला? तू लहान होतास. घरात त्यांचं नाव कोणी काढत नाही, आणि काढलं तर 'डोक्यावर परिणाम झाला होता' एवढं बोलून विषय बदलतात. आपल्याकडे घराघरात हे असंच असतं, मुलीची लग्नं अडतील म्हणून आजाराला नावच द्यायचं नाही. पण तो स्किझोफ्रेनिया होता की बायपोलर की अजून काही, यावर इथे सगळं अवलंबून आहे, कारण ज्यांच्या रक्ताच्या नात्यात हे आजार आहेत त्यांना सिलोसायबिनच्या, म्हणजे त्या मशरूममधल्या द्रव्याच्या, ट्रायलमध्ये बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. अशा माणसाला एका रात्रीत सुरू झालेलं वेड महिनोन्‌महिने उतरत नाही असं होऊ शकतं, आणि तू तर अजून पंचविशीत आहेस, हे आजार डोकं वर काढतात ते याच वयात. आईला विचारू नकोस, ती टाळेल. आजीला विचार, दुपारी, एकटी असताना. काकांना कुठल्या हॉस्पिटलात नेलं होतं, काय गोळ्या चालू होत्या, लिथियम (बायपोलरवर देतात ते औषध) हा शब्द ऐकलाय का, असं विचार. (लिथियम स्वतः चालू असणाऱ्यांनी तर मशरूमच्या वाटेला जाऊच नये, फिट्स आल्याच्या केसेस आहेत.)

गोव्याचं मी एका वाक्यात संपवणार होते पण नाही संपणार. सिलोसायबिन, डीएमटी, मेस्कलिन, सगळी १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात आहेत, जवळ बाळगणं गुन्हा, घेणंही गुन्हा. पण मला पोलिसांपेक्षा दुसरी भीती वाटते. तुला रात्री दोन वाजता काही झालं तर तो माणूस अॅम्ब्युलन्स बोलवेल का? बोलवली की तो स्वतः अडकतो, मग तो आधी दोन तास वाट बघणार, पाणी मारणार, 'प्रोसेस चालू आहे' म्हणणार. आणि देतोय ते मशरूम नक्की कुठलं, कुठून आलं, हे त्याला तरी माहितीये का. पेरूहून येताना आठवण म्हणून बाटली किंवा पूड आणायची आयडियाही डोक्यातून काढ, ती बाटली म्हणजे कायद्याने डीएमटीच.

आणि तू लिहिलंयस ना, 'मावशी हे केमिकल नाहीये, झाडाचं आहे, नॅचरल'. यावर मला हसू आलं. तरुणपणी सिव्हिल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ड्युटी असायची तेव्हा धोतऱ्याच्या बिया खाल्लेली माणसं यायची, कोणी मुद्दाम नशेला, कोणाला प्रवासात कोणी चहातून घातलेल्या. डोळ्यांच्या बाहुल्या अशा मोठ्या, तोंडाला कोरड, अंग तापलेलं, आणि अंगावरच्या चादरीवरून नसलेले धागे एकेक करून चिमटीत पकडत बसलेला माणूस, आपण नाव विचारलं तरी लक्ष त्या धाग्यातच. धोतरा पण नॅचरलच, शंकराला वाहतो आपण. हे तुला सांगायचं कारण म्हणजे पेरूमध्ये काही जण अयाहुआस्कात तोए नावाचं झाड मिसळतात, मोठी लोंबती फुलं असतात त्याची, आणि ते आपल्या धोतऱ्याच्याच कुळातलं, विषही तेच. काढ्यात काय काय घालता हे स्पष्ट विचारायचं, आणि तोए म्हटलं की उठायचं.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तुम्ही मुलं या गोष्टीकडे बघता ते असं की झाड औषध आहे, आपण पेशंट आहोत, घोट घेतला की आत काहीतरी दुरुस्त होणार. उकायाली नदीकाठचे शिपिबो लोक, ज्यांच्या नावावर निम्मी रिट्रीट चालतात, त्यांच्याकडे पूर्वी पुष्कळदा प्यायचा तो वैद्य. पेशंट नुसता समोर बसायचा, आडवा पडायचा. वैद्य पिऊन बघायचा की याला काय झालंय, आणि मग त्या माणसासाठी इकारो म्हणजे त्यांची गाणी म्हणायचा, तंबाखूचा धूर अंगावर फुंकायचा. आणि ती गाणी यायला त्याने वर्षानुवर्षं एकांतात, मीठ, साखर, शरीरसंबंध सगळं सोडून, एकेका झाडाचं पथ्य केलेलं असायचं. म्हणजे सगळा भार होता तो त्या शिकलेल्या माणसावर. आपण त्यातला घोट तेवढा उचलला आणि भार सोडून दिला. २००८ साली पेरू सरकारने अयाहुआस्काला राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केलं तेव्हासुद्धा मान दिला तो त्या पारंपरिक ज्ञानाला आणि विधीला, बाटलीला नाही.

मेक्सिकोत मशरूमचं पण तेच झालं. वाहाकाच्या डोंगरात वाउत्ला नावाचं गाव आहे, तिथे मारिया साबिना नावाची माझातेक जमातीची बाई रात्रीच्या अंधारात मशरूमची पूजा मांडायची, आजारी माणसासाठी. १९५५ मध्ये न्यूयॉर्कचा गॉर्डन वॅसन नावाचा बँकर तिथे पोचला, मुलाची काळजी वाटते, त्याचं कळायला हवं असं कारण सांगून बसला, आणि १९५७ ला 'लाईफ' मासिकात सगळं छापून आलं. मग जी रीघ लागली ती देव बघायला येणाऱ्यांची. पोलिस मागे लागले, गाव तिच्यावर उलटलं, तिचं घर जाळलं. तिचं स्वतःचं म्हणणं होतं की आधी कोणी देव शोधायला म्हणून हे खात नव्हतं, आजार बरा व्हावा म्हणूनच खायचे, आणि परके आल्यापासून त्यातली ताकद गेली. जायचं कारण म्हणून तू 'पर्सनल ग्रोथ' लिहिलंस ना तेव्हा मला ही बाई आठवली.

आता तू म्हणशील सायन्स काय म्हणतं. सायन्स खोटं नाहीये, उत्साहाला थोडी जागा आहे. ब्राझीलमध्ये नाताल शहरात औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनच्या २९ पेशंटवर अयाहुआस्काची ट्रायल झाली, आठवड्याने प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या डोसपेक्षा, बराच चांगला फरक दिसला. पण २९ माणसं आणि एक आठवडा, हे लक्षात ठेव. सिलोसायबिनची मोठी ट्रायल २०२२ ला आली, २३३ पेशंट, वेगवेगळ्या डोसचे गट, २५ मिलिग्रॅमचा एक डोस घेतलेल्यांत तीन आठवड्यांनी ३७ टक्के लोकांना चांगला फरक आणि तुलनेसाठी नुसता १ मिलिग्रॅम दिलेल्यांत १८ टक्के. बाराव्या आठवड्यापर्यंत टिकला तो २० टक्के आणि १० टक्के. म्हणजे काहीतरी आहे, पण जादू नाही, पाचातल्या चौघांना टिकणारा फायदा झाला नाही. आणि २०२१ मध्ये लंडनला सिलोसायबिनची गाठ घातली ती नेमकी तुझ्याच एस्सिटालोप्रामशी, ५९ पेशंट, सहा आठवडे, आणि मुख्य मोजमापात दोघांत ठोस फरक निघाला नाही. तुझ्या दहा मिलिग्रॅमच्या गोळीला एवढी कमी लेखू नकोस.

या सगळ्या ट्रायलमध्ये पण बघ, डोसच्या आधी थेरपिस्टबरोबर बसून ओळख, तयारी, मग डोसच्या दिवशी सहा-आठ तास उशाशी माणूस, नंतर परत बोलणं. वैद्याची जागा थेरपिस्टने घेतली, रिकामी नाही ठेवली कोणी. तुझ्या प्लॅनमध्ये मला विमानाचं तिकीट दिसतंय, रजा दिसतेय, पांढरे कपडे सुद्धा दिसले (तू लिंक पाठवलीस), पण परत आल्यावर मंगळवारी तू कोणाशी बोलणार ते कुठेच दिसत नाहीये.

आणि मला वाटतं तुला ग्रोथ वगैरे नकोय. बाबा गेले त्यानंतर तू दहाव्यापासून बँकेच्या कागदांपर्यंत सगळं एकट्याने निस्तरलंस, आईला सावरलंस, आणि स्वतः कुठेच बसला नाहीस. ते आत तसंच पडलंय. ते बाहेर यावं म्हणून तू इतक्या लांब निघालायस, हे मला कळतं, आणि तिथे एखाद्या रात्री ते खरंच येईलही, लोकांना येतं. पण बाहेर आलेलं धरायला कोणीतरी लागतं. म्हणून आधी इथे पुण्यात एखाद्या चांगल्या सायकॉलॉजिस्टकडे चार-सहा महिने जा, दर आठवड्याला, कंटाळा आला तरी जा. एखादी रात्र फारच जड गेली तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीत बोलतात. सहा महिन्यांनी पण जावंसं वाटलं, आणि डॉक्टर आणि आजी दोघांकडून रस्ता मोकळा निघाला, तर जा, मी अडवणार नाही.

जाशील तेव्हा एकटा जाऊ नकोस. पेरूच्या जंगलातल्या इकितोस शहराला तर रस्ताच जात नाही, विमान नाहीतर बोट, तिथून पुढे परत नदीतून आत, तर विचार की जवळचं हॉस्पिटल किती तासांवर, रात्री बोट मिळते का, रात्रभर न पिता जागं कोण असतं. औषधांबद्दल जे खोदून खोदून विचारतात ते बरे, जे 'या, सगळं ठीक होईल' म्हणतात ते टाळायचे. अंगाला हात लावणं, एकट्याला खोलीत बोलवणं, यात मुलांनाही धोका असतो, आणि त्या अवस्थेत नाही म्हणायची ताकद नसते, म्हणून ओळखीचं माणूस बरोबर हवंच. त्या रात्री जे दिसेल ते खरंच घडलं होतं असं धरून आत्याशी भांडायला जाऊ नकोस, आणि परत आल्यावर दोन महिने राजीनामा, ब्रेकअप, फ्लॅट विकणं यातलं काहीही नाही. तिथून आलेली माणसं पहिल्या आठवड्यात फार ठाम असतात.

डिपॉझिट अजून भरलं नसशील तर थांब. आजीशी बोल, डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे, आणि फॉर्म परत भरून मला पाठव, दोन्ही रकाने खरे भरलेले. आईला मी काही बोललेले नाही, ते तुझं तू सांगायचं.

मावशी