पाने गळालेले कुंडीतील सफरचंद: त्याला झोपू द्यावे की ऊब द्यावी?

हिवाळा सुरू होताच घरात आणलेल्या कुंडीतील सफरचंदाने सगळी पाने टाकली, तर ते मेले का आणि उबदार खोलीत दिव्याखाली ठेवून त्याला पुन्हा पालवी आणता येईल का, असे आपण विचारले आहे. पहिल्या शंकेचे निरसन नखानेच होते: बारीक फांदीची साल किंचित खरवडून पाहावी, खाली हिरवा, ओलसर थर दिसला, तर ती फांदी जिवंत आहे. दुसऱ्या गोष्टीचा मोह मात्र आवरावा, असे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो.

सफरचंद, नासपती, पीच, चेरी यांसारख्या पानझडी झाडांचे डोळे, म्हणजे पाने-फुले ज्यांतून फुटतात ते फांदीवरचे बंद कोंब, हिवाळ्याच्या तोंडावर अशा सुप्तावस्थेत जातात की, ऊब मिळाली तरी ते नीट फुटत नाहीत. साधारणपणे ० ते ७ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत पुरेसे तास गेले, म्हणजेच ही अवस्था सुटते. सफरचंदाच्या बऱ्याच जातींना असे ८०० ते १००० तास लागतात, 'अ‍ॅना'सारख्या जातीला सुमारे ३०० पुरतात आणि अंजिराचे तर त्याहूनही कमी थंडीत भागते. माझे पहिले झाड मी हिवाळाभर बैठकीच्या खोलीत ठेवले होते. वसंतात केवळ शेंड्याचे दोन-तीन डोळे फुटले, खालची फांदी उघडीच राहिली आणि जी थोडी फुले आली ती महिनाभर मागेपुढे उमलत राहिली. उपासमार समजून मी वर खतही घातले. अर्थात त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेव्हा झाडाला घरातील सर्वांत थंड, न तापवलेली जागा द्यावी. मग ती पडवी असो, तळघर असो वा गाडी ठेवण्याची खोली. पानेच नसल्यामुळे अंधाराची चिंता करू नये. चिंता करायची ती मुळांची, कारण ती फांद्यांपेक्षा पुष्कळ नाजूक असतात आणि जमिनीतील झाडाला मातीचे जे जाड पांघरूण मिळते, ते कुंडीला नसते. गारठा तिला चहूबाजूंनी भिडतो. म्हणून तापमान शून्याच्या फार खाली जात असेल, तर कुंडीभोवती गोणपाट गुंडाळावे. खत पूर्ण बंद ठेवावे. माती हाताला कोरडी लागली तरच थोडे पाणी घालावे. झोपलेले झाड पाणी फारसे ओढत नाही आणि चिंब मातीत मुळे कुजतात.

लिंबू-संत्र्याला यातले काहीही लावू नये. ती सदाहरित झाडे थंडीत वाढ थांबवतात, पण पाने राखतात. त्यांना उजेड हवाच, आणि त्यांची पाने गळू लागली तर ते दुखण्याचे लक्षण समजावे.

थंडीचे तास भरल्यावर डोळे ऊब मिळताच फुगू लागतात. त्या वेळी झाड उजेडात आणावे, परंतु हिमाची रात्र संभवत असेल तर बाहेर ठेवू नये, कारण फुगलेला डोळा झोपलेल्या डोळ्याइतकी थंडी सोसत नाही.