फुकट सल्ल्याचे पैसे कोण देतं?

तुझ्या मामांनी नंबर दिला तेव्हाच वाटलं होतं, प्रश्न व्हिसाचा असणार. मेसेज दोनदा वाचला. वय २८, बी.ई. मेकॅनिकल, चाकणला चार वर्षं नोकरी. पुण्यातला एजंट म्हणतो, मेलबर्नला ‘लीडरशिप’च्या डिप्लोमाला अ‍ॅडमिशन घे, सल्ला फुकट, बाकी आम्ही बघतो. घरचे म्हणतात, वकील कशाला हवा, फॉर्म तर ऑनलाइनच भरायचा.

फॉर्म भरणं अवघड नाहीच, तो तुझा तू भरशील. पैसे मोजायचे ते कोणता फॉर्म भरायचा यासाठी.

एजंटचा सल्ला फुकट असतो, कारण त्याला कमिशन कॉलेज देतं. त्याचं पोट त्यावर आहे, राग नाही. पण तू नोकरीच्या व्हिसावर आलास तर त्याला दमडी मिळत नाही, मग तो तुला तो रस्ता कशाला दाखवेल?

माझंच सांगतो. बारा वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एजंटने माझा ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा अर्ज भरला. त्याआधी कॅनडाने मला एकदा नकार दिला होता. ‘ते लिहायचं नसतं, उगाच शंका येते,’ म्हणाला, आणि त्या प्रश्नाला ‘नाही’वर टिक करून मोकळा झाला. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका हे पाच देश अशी माहिती आपापसात पडताळतात, हे त्याला ठाऊक नसावं किंवा फिकीर नसावी. मला पत्र आलं: खोटी माहिती दिल्याचा संशय, २८ दिवसांत खुलासा करा. तो नियम ४०२० या आकड्याने ओळखला जातो. त्यात अडकलास की साधारण तीन वर्षं दारं बंद, ओळखीबद्दल खोटं असेल तर दहा. एजंटने फोन उचलणं बंद केलं. शेवटी इथल्या एका वकीलबाईंनी खुलासा लिहून दिला, व्हिसा मिळाला, पण सेमिस्टर गेलं आणि आईचे गोठ मोडले ते मोडलेच. अर्ज कुणीही भरो, जबाबदारी तुझी. म्हणून इमिअकाउंट, म्हणजे व्हिसाचा अर्ज भरायचं सरकारी ऑनलाइन खातं, स्वतःच्या ईमेलवरून उघड आणि सबमिट करण्याआधी प्रत्येक पान वाच.

आता माणूस कसा ओळखायचा? ऑस्ट्रेलियात इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा हक्क मुख्यतः दोघांनाच आहे: नोंदणीकृत मायग्रेशन एजंट आणि इथला वकील. एजंटला सात आकडी नोंदणी क्रमांक, म्हणजे मार्न नंबर असतो, तो ओमारा या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या यादीत स्वतः तपासायचा. वकील त्या यादीत दिसला नाही म्हणून घाबरू नकोस. मार्च २०२१ पासून स्वतंत्र वकिली करणाऱ्यांना तिथे नोंदणी ठेवता येत नाही, त्यांचं नाव त्या त्या राज्याच्या वकिलांच्या यादीत बघायचं. मेलबर्नचा असेल तर व्हिक्टोरियाच्या. भारतात बसलेल्या एजंटला नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे तुझा पुण्याचा माणूस बेकायदा नाही, पण त्याने गंडवलं तर इथे तक्रार कुणाकडे करणार?

एक खूण सांगतो. जो तुझ्या वतीने खरोखर काम करतो तो ९५६ नंबरचा फॉर्म भरून स्वतःचं नाव लावतो. जो नुसता ९५६ए पुढे सरकवतो, तो फक्त तुझी पत्रं स्वीकारणार, सल्ल्याची जबाबदारी घेणार नाही. आणि ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणाला की चहा संपव आणि ऊठ.

तुझ्या बाबतीत मला काय दिसतं ते सांगतो, पण मी वकील नाही. स्टुडंट व्हिसाची फी १ जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, नकार आला तरी परत नाही. शिवाय वर्षाच्या खर्चाचे २९,७१० डॉलर दाखवायचे, ट्यूशन आणि विमानभाडं वेगळं. मार्च २०२४ पासून खरा विद्यार्थी असल्याचं पटवून द्यावं लागतं. चार वर्षं इंजिनीअर असलेला माणूस अचानक लीडरशिपचा डिप्लोमा का करतोय, याचं सरळ उत्तर तुझ्याकडे आहे का? मला तरी सुचलं नाही. आणि भारतातून केलेला स्टुडंट अर्ज नाकारला तर ट्रिब्युनलकडे दाद मागायची सोय सहसा नसते. मास्टर्स असतं तर गोष्ट वेगळी, कारण त्यापुढे ४८५ चा, म्हणजे शिक्षणानंतर इथे काम करायच्या व्हिसाचा, विचार करता येतो.

‘टुरिस्टवर जा, तिथे बदलून घे,’ हेही कुणीतरी सांगेलच. १ जुलै २०२४ पासून व्हिजिटर व्हिसावर इथे बसून स्टुडंटचा अर्ज करता येत नाही.

मेट्स ही तरुण भारतीय पदवीधरांसाठीची योजना तुला चालणार नाही, तिला गेल्या दोन वर्षांत पदवी झालेले लागतात. वर्क अँड हॉलिडे, म्हणजे ४६२ नंबरचा फिरत फिरत काम करायचा व्हिसा, भारतीयांना २०२४ पासून खुला आहे: वर्षाला हजार जागा, सोडत, नाव नोंदवायला २५ डॉलर. वय ३० पर्यंत चालतं, म्हणून नाव टाकायला हरकत नाही, पण त्या भरवशावर राजीनामा देऊ नकोस.

खरा विचार कर तो ४८२ चा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा. कंपनीने स्पॉन्सर करायचं, गेल्या पाच वर्षांत एक वर्षाचा अनुभव लागतो, वर्षाचा पगार कोअर यादीतल्या (सरकारने ठरवलेल्या) व्यवसायांसाठी ७६,५१५ डॉलरच्या खाली नको (१ जुलै २०२५ पासूनचा आकडा, दर जुलैत बदलतो). नॉमिनेशनची (तुझं नाव सुचवायची) फी आणि लेव्ही, म्हणजे त्यावरचा सरकारी आकार, कंपनीनेच भरायचा. ‘स्पॉन्सरशिप मिळवून देतो, पंधरा लाख दे’ म्हणणाऱ्यावर फौजदारी होऊ शकते, आणि देणाऱ्यालाही दंड. यात वकिलाची खरी गरज पडते. तू डिग्रीने मेकॅनिकल, पण काम क्वालिटीचं करतोस असं लिहिलंयस. तुझा व्यवसाय व्यवसायांच्या सरकारी यादीतल्या कोणत्या कोडात बसतो यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते पदनामावर नाही, रोजच्या कामावर ठरतं.

मी त्या वकीलबाईंना पहिल्या तासाचे अडीचशे डॉलर दिले होते. तेव्हा जिवावर आलं होतं. तुला फोनवरचा एक तास पुरेल. आधी दोन पानांत लिहून काढ: रोज काय काम करतोस, पगाराच्या स्लिपा कुठपासूनच्या आहेत, आजवर कोणत्याही देशाने नकार दिलाय का. तो कागद आधी मला पाठव आणि शनिवारी सकाळी साडेआठला फोन कर, इथे तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. तोपर्यंत त्या एजंटला टोकन देऊ नकोस.