कीटकाच्या अळीत कोणत्या वेळी कोणता आरएनए (जनुकावरून उतरवली जाणारी नक्कल) तयार व्हायचा, हे कोण ठरवतं?

मुख्यतः एक्डायसोन हे संप्रेरक. अळीच्या छातीतल्या ग्रंथीतून ते सुटतं, ऊतींमध्ये त्याचं सक्रिय रूप बनतं आणि पेशीतल्या ग्राहक प्रथिनाला चिकटतं. ही जोडी थेट डीएनएवर बसून ठरावीक जनुकांवरून आरएनए बनवायला सुरुवात करून देते.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे हे सूक्ष्मदर्शकातून दिसतं! माश्यांच्या अळ्यांच्या लाळग्रंथींत गुणसूत्रं प्रचंड जाड असतात. जिथे आरएनए जोरात बनतो, तिथे ती फुगतात. 1960 मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन या शास्त्रज्ञांनी कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या अळ्यांना एक्डायसोन टोचलं, तर कात टाकण्याआधी दिसणारे फुगवटे काही तासांतच उमटले.

पुढे अ‍ॅशबर्नर या जनुकशास्त्रज्ञांनी फळमाशीत दाखवलं की हे फुगवटे टप्प्याटप्प्याने येतात. आधी मोजकेच, काही मिनिटांत. मग काही तासांनी कितीतरी जास्त. प्रथिननिर्मिती रोखली तर पहिले येतात, पण मावळत नाहीत, आणि नंतरचे उमटतच नाहीत. म्हणजे पहिल्या जनुकांची प्रथिनंच पुढची जनुकं चालू करतात आणि स्वतःची बंद करतात. माझ्या मते जनुक-नियंत्रण शिकायला याहून स्पष्ट प्रयोग क्वचितच सापडेल.

बाल-संप्रेरक या दुसऱ्या संप्रेरकाचा वाटाही मोठा आहे. ते भरपूर असेल तर एक्डायसोन आल्यावर अळी कात टाकून पुन्हा अळीच राहते. ते ओसरलं की कोषाकडे नेणारी जनुकं जागी होतात.