मॅडम, आधी तिचा मोबाइल काढून घेऊ का?

वयात आलेल्या मुलींच्या आया हा प्रश्न बहुधा खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतात. सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या ऋतुजाच्या आईनेही तेच केलं. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या कबड्डी संघात होती, तो सोडला. लग्नकार्याला चल म्हटलं की डोकं दुखतं. उरलेला वेळ रील्स.

ऋतुजा एकटी भेटली तेव्हा फिल्टर कसा लावायचा, हनुवटी किती खाली घ्यायची, उजेड कुठून हवा, सगळं तिने मला शिकवलं. म्हणजे समोरचे फोटो खरे नसतात हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, तरी स्वतःला ताडून बघायची ती त्यांच्याशीच. 'ते खोटं असतं गं' एवढ्याने भागेल असं पालकांना वाटतं, पण भागत नाही. फोटोखाली 'बदल केलेला आहे' अशी सूचना छापली तरी बघणारीचं स्वतःबद्दलचं मत फारसं सुधारत नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तुलना आधी होऊन जाते, विचार मागून येतो.

मग कबड्डी का सोडली? "उन्हानं रापते. आणि दंड पोरांसारखे दिसतात."

हे वाक्य रीलमधलं नव्हतं, मावशीचं होतं. संध्याकाळी सगळ्या मिळून मालिका बघतात. त्यातली सोशीक सून गोरी, नाजूक. स्वतःचा धंदा चालवणारी बाई हटकून कारस्थानी. त्यावर घरातल्या बायकांची शेरेबाजी चालते आणि ती ऋतुजा ऐकत असते. आईला तरी काय बोलायचं? फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली, नावातला 'फेअर' गेला तो २०२० मध्ये. आईचं अख्खं बालपण नि तारुण्य त्या जाहिरातींत गेलेलं.

पुढच्या भेटीला आजीही आल्या. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," म्हणाल्या. मी बालगंधर्वांचा विषय काढला. त्यांचं नागठाणे इथलंच, पलूस तालुक्यातलं. ते स्त्रीवेशात रंगमंचावर यायचे आणि घरोघरच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या, त्यांच्यासारखे केस बांधायच्या. आजींना ते आईकडून ऐकलेलं आठवलं. ऋतुजा हसत सुटली, "म्हणजे बाईनं कसं दिसायचं ते बाप्यानं शिकवलं!" माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा तिचं हे वाक्य कामाचं होतं.

मोबाइल तिच्याकडेच ठेवला. जी खाती बघून जीव खट्टू होतो, ती तिनेच निवडून बंद केली. घरच्यांनी एकच पथ्य पाळायचं ठरलं: कुणाच्याही रंगावर, अंगावर बोलायचं नाही, कौतुकानेसुद्धा नाही. आईला हेच सगळ्यात जड गेलं. मैत्रिणीने दिलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये स्टेरॉइड निघालं. असं क्रीम एकदम बंद केलं तर चेहरा भडकू शकतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

ती पुन्हा मैदानावर जाते. फिल्टर सुटलेला नाही, आणि मीही त्यामागे लागलेले नाही. मात्र मुलगी जेवण टाळत असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, पाळी बंद झाली असेल, तर समुपदेशनावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. कुठे जावं कळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.