दुष्काळ चितारताना

प्रश्न : १९४३च्या बंगालच्या दुष्काळावर आठ पानी चित्रकथा करते आहे. पानोपानी हाडांचे सापळे काढले, तरी परिणाम होत नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : सापळे फक्त शेवट सांगतात. कारण दिसत नाही, म्हणून वाचक हळहळतो आणि पान उलटतो. सुरुवात होड्यांपासून करा. १९४२मध्ये जपानी फौजांच्या भीतीने इंग्रज सरकारने दहाहून अधिक माणसं नेणाऱ्या होड्या काढून घेतल्या. तांदळाची वाहतूक आणि मासेमारी, दोन्ही अडली. रिकामा घाट, पानभर चौकट, एकही शब्द नको. (मांडवीतली होडी मात्र तिथे काढू नका, बांधणी वेगळी असते.) मग भाव. कलकत्त्यात तांदूळ डिसेंबर १९४२मध्ये मणाला १३-१४ रुपये होता, मे १९४३मध्ये ३०च्या वर. दुकानाची तीच पाटी पुन्हा पुन्हा काढा, बदलू दे फक्त आकडा.

माणसांसाठी चित्रकार झैनुल आबेदिन यांची याच दुष्काळाची रेखाटनं पाहा : स्वस्त कागद, काळी शाई, जाड फटकारे. तुम्ही बारीक छायारेषा भरत असाल तर देह शोभिवंत होतो, ते टाळाच. चित्रकार चित्तप्रसाद यांचं या दुष्काळावरचं सचित्र पुस्तक ‘हंग्री बेंगॉल’ इंग्रज सरकारने जप्त करून जाळलं होतं. त्या जळत्या पुस्तकाची चौकट शेवटच्या पानावर घ्या.